सम्राटाच्या वाट्याला फक्त प्रश्न

समस्त मराठी जनांस, विशेषतः शिकागोच्या पश्चिम उपनगरांत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असलेल्या बंधुभगिनींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात प्राचीन चीनच्या सम्राटपदी नेपरव्हिल, इलिनॉय येथील एका बावन्न वर्षांच्या मराठी बाईंची नेमणूक झाली. राज्याभिषेक केमोथेरपीच्या खुर्चीत पार पडला. मुकुट लोकरीचा होता आणि त्याला कानपट्ट्या होत्या. राजदंडाच्या जागी सलाइनचा स्टँड होता. तो चाकांवर असल्यामुळे सम्राट बाथरूमला निघाले की तोही मागोमाग निघत असे.

ती बाई मी. गाठ गेली, केस राहिले, आणि तोंड पूर्वीसारखंच चालू आहे. शेवट चांगला आहे हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आजारपणावरचं काहीही वाचायला घेतलं की मी आधी शेवटचं पान बघायचे. माणूस जिवंत असेल तरच पुढे वाचायचे.

निदानाचा दिवस

रक्त कमी झालं होतं. शॉमबर्गच्या ऑफिसात दुपारी तीनला माझे डोळे मिटायला लागले, तेव्हा मी चहाचा ब्रँड बदलून पाहिला. मग कोलोनोस्कोपी झाली. भुलीतून मी अर्धवट जागी होत होते, जग फार गोड वाटत होतं, आणि पलंगाशी उभे असलेले डॉक्टर हळू आवाजात सांगत होते की मोठ्या आतड्यात गाठ आहे, तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला ती चांगली दिसत नाही.

यावर मी काय म्हणाले ते माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, मला नंतर सांगितलं. मी म्हणाले, "थँक यू सो मच, डॉक्टर. यू मस्ट कम होम फॉर डिनर. डू यू ईट स्पायसी?"

डॉक्टर म्हणाले, "अ लिटल."

अविनाश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो हसत होता की रडत होता, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी जर्सी सिटीहून ईशाचा, आमच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल आला. "मॉम, व्हॉट स्टेज?"

"ते नाही बोलले काही."

"डिड यू आस्क?"

"अगं, ते घाईत होते."

"यू हॅड टाइम टू आस्क इफ ही ईट्स स्पायसी!"

मी हसले. ती हसली नाही. भीती वाटली ती तेव्हा. डॉक्टरांसमोर नव्हती वाटली, कारण डॉक्टरांसमोर मी पाहुण्यांसमोर असल्यासारखी वागत होते.

दहापैकी दोन

हे नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं रामायण इथूनच सुरू होतं. आमच्या घरात कुणी "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरी आहे, तुम्ही कसे आहात?" त्यात डॉक्टर म्हणजे केवढा मोठा माणूस! तो आपल्यासाठी वेळ काढून आलाय. त्याला काय आपली गाऱ्हाणी सांगत बसायचं?

ऑपरेशननंतर केमोच्या बारा फेऱ्या ठरल्या, दर दोन आठवड्यांनी एक. माझे कर्करोगाचे डॉक्टर कोवाल्स्की, उंच, दमलेले, भला माणूस. प्रत्येक फेरीआधी त्यांच्यासोबत पंधरा मिनिटं मिळायची. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जुळ्या मुलांचं हॉकी आणि त्यांचं स्वतःचं न झालेलं जेवण, यांची मी साग्रसंगीत चौकशी करायचे. डब्यातून बेसनाचे लाडू न्यायचे. शेवटी ते विचारायचे, "एनी क्वेश्चन्स?" आणि मी हात हलवून म्हणायचे, "नो, नो, यू मस्ट बी बिझी."

नर्स डेनिस दर वेळी विचारायची, "बोटांना बधिरपणा आहे का? शून्य ते दहा?"

"दोन."

शून्य म्हटलं तर खोटं झालं असतं. आणि सात म्हटलं तर स्वतःचं कौतुक करून घेतल्यासारखं. दोन हा कसा घरंदाज आकडा आहे.

खरा आकडा सात होता. माझ्या दोन औषधांपैकी एकाची गंमत अशी की ते नसांवर बसतं. पहिले काही दिवस थंड वस्तूला हात लागला की विजेचा झटका बसायचा. फ्रिजचं दार मी ओव्हनच्या मिटनं, म्हणजे जाड हातमोज्यानं, उघडायचे. गार पाण्याचा घोट घशात काचेसारखा टोचायचा. आणि हे सगळं जानेवारीत, नेपरव्हिलमध्ये, जिथे गाडीच्या दारापासून ते शेजाऱ्याच्या स्वभावापर्यंत सगळंच गार असतं. हे झटके आठवड्याभरात जायचे, ते ठाऊक होतं. पण पाचव्या फेरीनंतर बोटांची टोकं परत आलीच नाहीत. कुणीतरी हातमोजे घालून शिवून टाकल्यासारखी.

बोटांचं मला काय एवढं, ते सांगते. वीस वर्षं मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांची रंगभूषा करते. आयटीतल्या सभ्य माणसांना मी मिशा दिल्या आहेत, दाढ्या दिल्या आहेत, एका डेटाबेसवाल्याला तर मी असा खलनायक करून सोडला की त्याच्याच मुलानं त्याच्या मांडीवर बसायला नकार दिला. पापणीच्या कडेनं ब्रश फिरवताना बोटाच्या टोकाला डोळ्याची फडफड कळावी लागते. ती कळेनाशी झाली, तर मी त्या खोलीत फक्त चहा वाटायला उरते.

मग सांगितलं का नाही? कारण आमच्या फ्रिजवर अविनाशनं बारा चौकोन काढून ठेवले होते. तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे. प्रत्येक फेरीनंतर हिरव्या पेननं बरोबरची खूण करायचा आणि म्हणायचा, "बाराच्या बारा पूर्ण. एकही कमी नको." मी बोटांचं बोलले, तर डॉक्टर औषध कमी करतील. औषध कमी झालं आणि ते दुखणं परत आलं, तर? मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदाच.

औषधं बंद, पुस्तकं चालू

केमोच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत लिनबाई असायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, चणीनं लहान, फूड लॅबमधून निवृत्त झालेल्या केमिस्ट. त्यांचा आजार तिसऱ्यांदा आला होता, आणि त्याच्याविषयी त्या आगाऊ भाडेकरूविषयी बोलावं तशा बोलायच्या. हातात गरम पाण्याचा थर्मास, मांडीवर जाड पुस्तक, पुस्तकात पेन्सिल.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय वाचताय?" डॉक्टरांना सोडून बाकी सगळ्या जगाला मी प्रश्न विचारू शकते.

"माझे वडील वैद्य होते," त्या म्हणाल्या. "जुन्या चिनी पद्धतीचे. त्यांची चार पुस्तकं माझ्याकडे आली. चाळीस वर्षं उघडली नाहीत. मी केमिस्ट! आता डॉक्टर कोवाल्स्की म्हणाले, ट्रीटमेंट चालू आहे तोवर वडिलांच्या जडीबुटी अजिबात घ्यायच्या नाहीत. म्हटलं ठीक आहे. औषधं बंद, पुस्तकं चालू."

चारही पुस्तकं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, त्या वैद्यकाचा पाया मानलेली. त्यांची नावं मी लिहीत नाही. माझे उच्चार ऐकून लिनबाईंनी मला ती तोंडातून काढायला बंदी केली आहे. एक पुस्तक तापावरचं. ते लिहिणाऱ्या वैद्याच्या घराण्यातली बहुतेक माणसं काही वर्षांत साथीनं गेली, म्हणून तो लिहायला बसला. "थंडी अंगात कशी शिरते आणि पायरीपायरीनं कुठे कुठे जाते, ते सगळं यात आहे," लिनबाई म्हणाल्या. मी ओव्हनच्या मिटमधला हात वर करून म्हटलं, "मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं." दुसरं पुस्तक वनस्पती आणि खनिजांचं, त्यात औषधांच्या तीन पायऱ्या. तिसऱ्यात वैद्यकातले एक्क्याऐंशी अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आणि सगळ्यांत थोरलं पुस्तक? त्यातलं एक पान त्यांनी मला इंग्रजीत वाचून दाखवलं, आणि मी खुर्चीत ताठ बसले. "मिसेस लिन, अहो हे नाटक आहे!"

होतंच. एक सम्राट, इतिहासाच्याही आधीचा, आणि त्याचा राजवैद्य. सम्राट बोलतो, वैद्य बोलतो, सम्राट बोलतो, वैद्य बोलतो. दोन पात्रं, नेपथ्य शून्य, खर्च नाही. कुठल्याही मंडळाचं स्वप्न!

"मी वैद्य होणार," मी लगेच जाहीर केलं. वैद्याची भाषणं पानपानभर होती. वाऱ्यानं काय होतं, ऋतूंप्रमाणे कसं वागावं, नाडी कशी बघावी. सम्राटाचं एकेक वाक्य.

"नाही. तुम्ही सम्राट," लिनबाई म्हणाल्या.

"त्याला तर नुसते प्रश्न आहेत!"

"हो."

"सम्राट आहे ना तो? त्याला सगळं माहीत हवं. वैद्यानं विचारावं आणि सम्राटानं हुकूम द्यावा."

"तुमच्या मंडळात असेल तसं," त्या म्हणाल्या. "इथे जो सगळ्यांत मोठा आहे, तो म्हणतो की मला कळत नाही, नीट सांगा. आणि कळलं नाही तर पुन्हा विचारतो. बसा सरळ."

अशी आमची तालीम सुरू झाली. तीन-तीन तास बसायचंच होतं. लिनबाई तिथल्या तिथे इंग्रजी करायच्या, मी प्रश्न फेकायचे. पहिल्यांदा मी ते गर्जून फेकले, तर पलीकडच्या खुर्चीतले आजोबा दचकून जागे झाले. "ओरडू नका," लिनबाई म्हणाल्या. "त्याला खरंच उत्तर हवंय." खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारणं किती अवघड असतं! वीस वर्षांत मी इतक्या नटांची तोंडं रंगवली, पण हे मला ठाऊक नव्हतं. डेनिस सलाइन बदलायला आली की मुद्दाम रेंगाळायची. एकदा म्हणाली, "तुमचा सम्राट पेशंट म्हणून फार चांगला असणार." मला काही टोचलं नाही. माझ्या बोटांसारखीच मीही बधिर होते.

पान उलटेना

सातव्या फेरीच्या दिवशी लिनबाईंनी माझ्यासाठी सम्राटाचे प्रश्न कागदांवर लिहून आणले होते. पहिलं पान झालं. दुसरं उलटायला गेले, तर उलटेना. बोटात कागद आहे की नाही हेच कळेना. मी बोटाला थुंकी लावली, पुन्हा प्रयत्न केला, आणि सगळी पानं जमिनीवर पसरली.

लिनबाई कागदांकडे बघत नव्हत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या.

"किती दिवस?"

"होईल बरं."

"किती दिवस?"

"महिना. थोडं जास्त."

"डॉक्टरांना?"

"त्यांना लाडू दिले," मी म्हणाले. दुसरं काही खरं सांगण्यासारखं नव्हतं.

लिनबाईंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता वडिलांसारखी नाडी बघणार. "मला नाडीतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा हात गार पडलाय म्हणून धरलाय. त्या एक्क्याऐंशी प्रश्नांत वैद्याची चार कामं सांगितली आहेत. बघणं, ऐकणं, विचारणं आणि हात लावणं."

"आणि पेशंटनं खोटं सांगितलं तर काय करायचं, ते आहे का त्यात?"

"नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं, इतका मूर्ख सम्राट नसेल."

मग मी त्यांना फ्रिजवरचे बारा चौकोन सांगितले. थांबवलं आणि परत आलं तर, हेही सांगितलं. ते वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले. लिनबाईंनी आपल्या थर्मासचं झाकण भरून गरम पाणी मला दिलं. म्हणाल्या, "औषधांच्या पुस्तकात सगळ्यांत खालच्या पायरीवर जहाल औषधं आहेत. विषारी. ती रोगाला हाकलतात. पण ती फार काळ घ्यायची नाहीत, काम झालं की थांबायचं. हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं. तुमच्या गाठीचं त्याला काहीही माहीत नव्हतं, म्हणून त्याचं ऐकू नका. काम झालं की नाही हे ज्याला कळतं, त्याला विचारा. तो या भिंतीपलीकडे बसलाय."

त्या दिवशीचं औषध अजून सुरू व्हायचं होतं. मी डेनिसला हाक मारली. "डेनिस, मघाशी मी दोन म्हणाले ना? ते सात आहे."

डेनिसनं हातातली पिशवी स्टँडला न लावता ट्रेमध्ये परत ठेवली. "मी डॉक्टरांना बोलावते," ती म्हणाली.

दरबार

डॉक्टर कोवाल्स्की आले. अविनाशही खाली कॉफी पीत होता तो वर आला. मी लोकरीची टोपी सरळ केली, पाठ ताठ केली, आणि विचारलं. गर्जना नाही. खरंच उत्तर हवं होतं.

"डॉक्टर, माझ्या बोटांची टोकं गेली आहेत. ती परत येतील का?"

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. हातावर काहीतरी ठेवलं आणि विचारलं, काय आहे. मला वाटलं बटण. ती किल्ली होती.

"मी दर वेळी विचारत होतो," ते म्हणाले. रागानं नव्हे, दुखावल्यासारखे. "तुम्ही दोन सांगत होता."

"ती सभ्यता होती."

"ते एक औषध आता थांबवलं, तर बोटं बरीचशी सुधारण्याची शक्यता चांगली आहे. रेटत राहिलो, तर हे कायमचं राहू शकतं."

"आणि थांबवलं तर ते दुखणं परत येईल का?"

ऐका, हा प्रश्न मला उभ्यानं विचारताच आला नसता. पण सम्राट बसलेला असतो, हा त्या भूमिकेचा मोठा फायदा आहे.

ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. पाहुण्यासारखे उभे राहिले नाहीत. म्हणाले, "खात्री मी तुम्हाला बारा फेऱ्यांनंतरही देऊ शकत नाही. पण तुमच्या बाबतीत त्या औषधाचं मोठं काम झालंय असं मला वाटतं. दुसरं औषध आपण चालूच ठेवणार आहोत. अनेक पेशंटच्या बाबतीत आम्ही हेच करतो. यात हार नाही."

"मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगा," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी आणखी अकरा प्रश्न विचारले. जुळ्यांच्या हॉकीचा त्यात एकही नव्हता.

घरी जाताना गाडी अविनाश चालवत होता. ऑग्डेन अव्हेन्यूचे तीन सिग्नल गेले. मग एकदम म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझे चौकोन बिघडले असते."

"चौकोन गेले खड्ड्यात! मी काय चौकोनांशी लग्न केलंय? मला दुसरं काही करताच येत नव्हतं, म्हणून पेन घेऊन उभा राहायचो मी." त्यानं गाडी एका डोनटच्या दुकानासमोर लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. स्वेटर लोकरीचा आहे हे मला कळलं नाही, पण तो हुंदके देतोय हे कळलं. घरी गेल्यावर त्यानं तो कागद फ्रिजवरून काढला.

विजय

उरलेल्या फेऱ्या एकाच औषधानं पार पडल्या. कमरेला दोन दिवस औषधाचा पंप बांधून फिरायचे, तो घुर्र घुर्र करायचा, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे आपापले फोन तपासायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर स्कॅन झाला. डॉक्टर कोवाल्स्की खोलीत शिरले तेच हसत. मी विचारलं, "स्वच्छ?" ते म्हणाले, "स्वच्छ." ईशा फोनवर इतकी किंचाळली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार ठोठावलं. लिनबाईंचा भाडेकरूही सध्या मुकाट्यानं कोपऱ्यात बसून आहे, आणि त्यांना तेवढं पुरतं.

बोटं हळूहळू आली. आधी अंगठे, मग तर्जन्या. डाव्या हाताच्या करंगळीकडच्या दोन बोटांनी अजून मोजा काढलेला नाही, पण ब्रश उजव्या हातात असतो. दोन महिन्यांपूर्वी मंडळाच्या कार्यक्रमात मी शाळेच्या कॅफेटेरियामागच्या खोलीत लिनबाईंना राजवैद्याची पांढरी दाढी लावली आणि पापणीच्या कडेनं रेघ ओढली. त्यांच्या डोळ्याची फडफड मला बोटात कळली. मी दोनदा ओढली, गरज नसताना.

तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या खुर्चीत बसलं असेल, तर माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे. त्या चार पुस्तकांनी मला बरं केलं नाही. सर्जनच्या सुरीनं आणि त्या जहाल पिशव्यांनी केलं. पुस्तकांनी मला तोंड उघडायला शिकवलं. मला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटत नाही. पण तुम्ही उघडा. सात असेल तर सात सांगा.

आमचं नाटक दहा मिनिटांचं होतं, संवाद आम्हीच नव्यानं लिहिलेले. मी मराठीत विचारायचं, लिनबाईंनी इंग्रजीत उत्तर द्यायचं. पहिल्या रांगेत नागपूरच्या एक काकू होत्या, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. मुलगा आणि सून त्यांच्या दोन्ही बाजूंना बसले होते. त्या काकूंची दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली, वेळेवर इलाज झाला, आणि आता त्या ठणठणीत आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे हसताना तुम्हाला अपराधी वाटायला नको.

मी सिंहासनावर, म्हणजे कॅफेटेरियाच्या खुर्चीवर, बसले होते. वैद्याकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "वैद्यराज, माणसं आपलं दुखणं लपवतात का?"

लिनबाईंनी दाढीवरून हात फिरवला आणि उत्तरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, दोनशे माणसांच्या देखत, काकूंचा खणखणीत आवाज आला:

"महाराज, माझंही विचारून घ्या हो! महिना झाला, चालताना छातीत भरून येतंय, आणि ह्याला मी अजून सांगितलेलं नाही!"